समन्स आलंय, विमाही आहे, मग तारखेला जायचं का?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लक्षात येईल. तुमच्या नावावर एक छोटा मालवाहू टेम्पो आहे. पाच महिन्यांपूर्वी ड्रायव्हर माल उतरवून परत येत असताना मोटारसायकलला धडक बसली आणि ती चालवणारा ३४ वर्षांचा माणूस दगावला. पोलिसांनी ड्रायव्हरवर गुन्हा नोंदवला. आता मोटार अपघात न्यायाधिकरणाचं समन्स आलंय, त्यात ड्रायव्हर सामनेवाला क्रमांक १, तुम्ही २ आणि विमा कंपनी ३. मागणी ४५ लाखांची आहे. थर्ड पार्टी विमा त्या दिवशी चालू होता, पण ड्रायव्हरच्या लायसन्सची मुदत दोन महिने आधीच संपली होती हे तुम्हाला नंतर कळलं. एजंट म्हणतो, कंपनीचा वकील असतोच, तुम्ही कशाला जाता. मयताचा भाऊ म्हणतो, दोन लाख द्या, आम्ही केस काढून घेतो. आणि कोणीतरी सुचवलंय की लायसन्सवाला दुसरा ड्रायव्हर दाखवा. तुमचे प्रश्न दोन: वकील लावायचा का, आणि राहतं घर जाईल का.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. वकील लावा आणि तारखेला हजर व्हा. घराबद्दल शेवटी बोलू, कारण ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे.

मी बावीस वर्षं याच प्रकारची कामं करतो, कधी मयताच्या घरच्यांकडून, कधी गाडीमालकांकडून. मालकांचं नुकसान अपघातामुळे जेवढं होतं, त्याहून जास्त ‘विमा आहे, कंपनी बघेल’ या समजुतीमुळे झालेलं मी पाहिलंय. तुमचा खरा प्रश्न विमा आहे की नाही हा नाहीच. त्या कोर्टात तुमच्या बाजूने बोलणारं कोण आहे, हा आहे. आणि आजच्या घडीला तसं कोणीच नाही.

कंपनीचा वकील तुमचा वकील नसतो, ही गोष्ट एजंट सांगत नाही. अपघात कसा झाला, चूक कोणाची, मयताची कमाई किती, या मुद्द्यांवर तुमचं आणि कंपनीचं हित एक असतं. पण लायसन्सचा मुद्दा निघाला की दोघं समोरासमोर येता. ‘मालकाने पॉलिसीच्या अटीचा भंग केला, म्हणून जबाबदारी आमची नाही, त्याची आहे’ हे सांगायलाच कंपनीचा वकील उभा असतो. त्यात तो काही वावगं करत नाही, ते त्याचं काम आहे. तुम्ही गैरहजर राहिलात तर न्यायाधिकरण तुमच्याविरुद्ध एकतर्फा चालवण्याचा आदेश करतं, आणि कंपनीचं म्हणणं खोडून काढायला कोणी उरत नाही.

४५ लाखांचा आकडा पाहून तुम्ही हादरला आहात, ‘हे लुटायला निघालेत’ असंही लिहिलंय. तसं समजू नका. हा आकडा हवेतून आलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत हिशोबाची पद्धत घालून दिली आहे. समजा, मयत स्वतःचा छोटा धंदा करायचा आणि महिन्याला २०,००० कमवायचा. वय चाळिशीच्या आत आणि पगारी कायम नोकरी नाही, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के धरायचे, झाले २८,०००. मागे बायको, दोन मुलं आणि आई अशी चार माणसं अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, राहिले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. त्याच्या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला जितक्याने गुणायचं तो ठरलेला आकडा, १६. गुणाकार येतो ४०,३२,०००. त्यावर अंत्यसंस्कार, सहवासाला मुकणं वगैरेंच्या ठरलेल्या रकमा आणि अर्ज केल्याच्या तारखेपासून व्याज. म्हणजे कमाई सिद्ध झाली तर ४५ लाखांची मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. कमाईचा कागद नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने कमी धरतं आणि सगळा हिशोब खाली येतो. तिथे उलटतपास महत्त्वाचा, आणि तो कंपनीचा वकील सहसा नीट घेतो, कारण पैसे आधी तिच्या खिशातून जायचे असतात.

मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी थर्ड पार्टी पॉलिसीवर ठरावीक लाखांची मर्यादा लिहिलेली नसते. तुमची पॉलिसी काढून बघा, ‘मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार लागेल तेवढी रक्कम’ अशा अर्थाचं वाक्य सापडेल. मर्यादा असते ती समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, साधारणपणे साडेसात लाख. म्हणून ४५ लाख झाले काय किंवा ६० झाले काय, रकमेने तुम्ही बुडणार नाही. बुडवू शकते ती अट.

आता लायसन्स. इथे जरा थांबतो, कारण तुमचं सगळं प्रकरण इथेच ठरणार आहे.

सर्वसाधारण नियम असा. २००४ च्या स्वरण सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लायसन्स नव्हतं किंवा मुदत संपली होती, एवढं दाखवून कंपनी सुटत नाही. अट मोडण्यात मालकाचा निष्काळजीपणा होता, पुरेशी काळजी त्याने घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध करायचं. सिद्ध झालं तरी तिऱ्हाइताला, म्हणजे मयताच्या घरच्यांना, तिने आधी पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे असा आदेश होऊ शकतो. आमच्याकडे याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. कायद्यातलं यासंबंधीचं कलम आता १५० आहे, पूर्वी ते १४९ होतं.

म्हणजे प्रश्न असा होतो की तुम्ही काय काळजी घेतली होती. माणसाला कामावर ठेवताना लायसन्स पाहिलंत का? झेरॉक्स ठेवलीत का? मुदत कधी संपते हे बघितलंत का? इथे न्यायालयं दोन्हीकडे गेली आहेत. २०२२ च्या ऋषी पाल सिंग निकालात म्हटलंय की मालकाने लायसन्स पाहिलं आणि माणूस गाडी नीट चालवतो याची खात्री केली, तर ते खरं की बनावट हे तपासायला त्याने आरटीओच्या पायऱ्या झिजवाव्यात अशी अपेक्षा नाही. उलट २०२० च्या बेली राम निकालात ड्रायव्हरचं लायसन्स तीन वर्षं नूतनीकरणाविना पडून होतं. तारीख लायसन्सवरच छापलेली असते, ती बघणं मालकाचं काम होतं, असं धरून कंपनीला मोकळं केलं गेलं. तुमचे दोन महिने या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत. दोन महिने म्हणजे तीन वर्षं नव्हेत, पण फरक आपोआप पडत नाही, तो साक्षीत मांडावा लागतो. ड्रायव्हरने आता घाईने नूतनीकरण करून आणलं असेल तर त्याचा आधार धरू नका. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली, आणि उशिरा केलेलं नूतनीकरण मधल्या काळाला लागू होत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट करा, आजच करा. ड्रायव्हरचं लायसन्स हातात घ्या आणि त्यावरच्या तारखा वाचा. तारखा म्हणतोय, कारण व्यावसायिक लायसन्सवर त्या दोन असतात. एक ‘टीआर’ म्हणजे मालवाहतूक-प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांसाठी, ती पाचच वर्षांची असते. दुसरी ‘एनटी’ म्हणजे खासगी गाड्यांसाठी, ती बरीच पुढची असते. लोक ‘लायसन्स संपलं’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा फक्त टीआरची तारीख गेलेली असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाचं म्हणजे एलएमव्हीचं लायसन्स असलेल्या माणसाला ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची वाहतुकीची गाडी चालवायला वेगळ्या नोंदीची गरज नाही. तुमचा छोटा टेम्पो त्या वजनात बसत असणार. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, मालासकटचं एकूण वजन लिहिलेलं असतं, ते बघा. एलएमव्हीची एनटी तारीख अपघाताच्या दिवशी चालू असेल आणि वजन ७,५०० च्या आत असेल, तर अटीचा भंग झालाच नाही, असा जोरदार मुद्दा तुमच्या हातात येतो. तो तुमच्या वतीने कंपनीचा वकील मांडेल का? नाही. तो तुम्हीच मांडायचा आहे.

दोन्ही तारखा गेल्या असतील तर वर सांगितलेली काळजीची लढाई लढावी लागेल. तीही हरलेली नसते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आले. दुधाची गाडी होती त्यांची. चार वर्षांपूर्वीच्या अपघाताचं समन्स आलं तेव्हा त्यांनाही ‘कंपनी बघेल’ असंच सांगितलेलं. ते एकदाही कोर्टात गेले नाहीत. अवॉर्ड, म्हणजे भरपाईचा निकाल झाला, कंपनीने मयताच्या बायकोला पैसे दिले आणि मग यांच्याविरुद्ध वसुलीची दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली. मी निकालपत्र वाचलं. कंपनीने आरटीओतला कारकून साक्षीला आणला होता, आणि त्या क्रमांकाचं लायसन्स आमच्या नोंदीत नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं होतं. मी विचारलं, ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं का? त्यांनी पिशवी चाचपली आणि पॉलिसीच्या घडीतून लॅमिनेट केलेली झेरॉक्स काढली. लायसन्स होतं, चालू होतं. पोलिसांच्या दोषारोपपत्रात क्रमांकातला एक आकडा चुकला होता. कंपनी खोटं बोलली नव्हती. तिला मिळालेला क्रमांक तिने तपासला होता. चूक सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो घरी बसला होता. विलंब माफीचा अर्ज, उच्च न्यायालयात अपील, प्रकरण पुन्हा न्यायाधिकरणाकडे, हे सगळं करून शेवटी वसुलीचा आदेश रद्द झाला. पण तेवढी वर्षं त्या माणसाला झोप नव्हती, आणि जो खर्च झाला तो पहिल्या तारखेला वकीलपत्र लावण्याच्या कितीतरी पट होता. ती झेरॉक्स अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, कडा पिवळ्या पडलेली.

दुसरा ड्रायव्हर दाखवण्याबद्दल मी कडक बोलणार आहे. करू नका. फिर्यादीत, जबाबात, घटनास्थळाच्या पंचनाम्यात त्या माणसाचं नाव आधीच आहे. नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि पुढे ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. ड्रायव्हरने फॉर्म ३ आणि मालकाने फॉर्म ४ भरून द्यायचा असतो. तुम्ही तो भरला असेल तर त्याची प्रत मिळवा, कारण त्यातलं तुमचं लेखी म्हणणं आणि कोर्टातलं म्हणणं जुळलं पाहिजे. नाव बदलण्याचा प्रयत्न केलात तर आज जो दोन महिन्यांचा प्रश्न आहे तो उद्या फसवणुकीचा होईल, आणि ‘मी काळजी घेणारा मालक आहे’ या तुमच्या एकमेव बचावावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

मयताच्या भावाचं दोन लाखांचं म्हणणंही मान्य करू नका, पण माणुसकी सोडू नका. कारण सांगतो. नुकसानभरपाईचा हक्क भावाचा नाही, तो बायको, मुलं आणि आईचा आहे. मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या वतीने स्टॅम्प पेपरवर केलेली तडजोड न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय टिकत नाही. दोन लाख जातील आणि केस तशीच राहील. शिवाय कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, पैसे देऊ नयेत किंवा देण्याचं आश्वासन देऊ नये, अशी अट पॉलिसीत असते. ती मोडली की कंपनीला आणखी एक मुद्दा मिळतो. तडजोड करायचीच तर ती कंपनीला सोबत घेऊन, लोकअदालतीत करा. तिथे रक्कम लवकर मिळते आणि अपिलाचा फेरा उरत नाही. त्या घरातलं कर्तं माणूस गेलंय. तुम्ही जर पूर्ण ताकदीने कंपनीची जबाबदारी सिद्ध केलीत, तर त्यांना पैसे तिच्याकडून निर्धोक मिळतात. या मुद्द्यावर तुमचं आणि त्यांचं हित एकच आहे. मी मयताच्या बाजूने असतो तेव्हा हजर झालेला मालक मला नेहमीच बरा वाटतो.

फौजदारी केस वेगळी आहे. ती ड्रायव्हरवर आहे, तिच्यातला दंड किंवा शिक्षा कोणताही विमा भरत नाही. ड्रायव्हर तिकडे निर्दोष सुटला तरी इकडचा क्लेम आपोआप पडत नाही, कारण इथे पुराव्याची कसोटी सौम्य असते. आणि नोकराच्या हातून कामावर असताना झालेल्या चुकीला मालक जबाबदार, म्हणून गाडीत नसूनही तुमचं नाव समन्सात आहे. मोटारसायकलवाल्याचीही काही चूक असेल, म्हणजे उलट दिशेने येणं, दिवा बंद असणं, तर सहनिष्काळजीपणाचा मुद्दा घ्या. पण पंचनाम्यातल्या खुणा त्याला दुजोरा देत असतील तरच. मेलेल्या माणसावर उगाच दोष टाकलेला न्यायाधीशांना आवडत नाही, आणि मलाही.

घराचं काय? मी तुमचे कागद पाहिलेले नाहीत, म्हणून हे तीन प्रश्न. पॉलिसी त्या दिवशी, त्या वेळी खरंच चालू होती का, हप्त्याचा चेक परत गेला नव्हता ना? परमिट आणि फिटनेस, म्हणजे गाडी चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, चालू होतं का? परमिट नसणं हा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृत पाल सिंग प्रकरणात म्हटलंय आणि तो लायसन्सपेक्षा जड जातो. आणि लायसन्सच्या दोन तारखा काय सांगतात? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘होय’ असेल आणि एनटी तारीख शिल्लक असेल, तर घराची काळजी मी करणार नाही. पहिल्या दोन्हींचं ‘होय’ आणि दोन्ही तारखा संपलेल्या असतील, तर ‘पे अँड रिकव्हर’ची शक्यता खरी आहे. तसा आदेश झाला तर कंपनी वेगळा दावा न लावता थेट दरखास्तीने तुमच्या मालमत्तेवर येऊ शकते. अवॉर्डनंतर उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस असतात, आणि अपील करताना मालकाला २५,००० किंवा अवॉर्डच्या ५० टक्के, यांतली कमी असलेली रक्कम भरावी लागते. म्हणजे तो दरवाजा सामान्य माणसाला परवडणारा आहे. या भीतीने घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. केस चालू असताना केलेलं असं हस्तांतरण वसुली चुकवण्यासाठी केलं म्हणून रद्द होऊ शकतं.

कंपनीला अपघाताची लेखी सूचना दिली नसेल तर उद्याच द्या, समन्सची प्रत जोडा आणि पोच घ्या. मिळालेलं प्रत्येक समन्स कंपनीकडे पाठवायचं, अशीही अट असते. तिचा तपासनीस घरी येईल, जबाब मागेल. नम्रपणे बोला, पण कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असंच लिहा. ‘लायसन्स संपलंय हे मला माहीत होतं’ असं वाक्य त्याने त्याच्या शब्दांत लिहिलं असेल आणि ते खरं नसेल, तर सहीआधी खोडायला लावा.

वकिलाकडे जाताना पॉलिसी, आरसी, परमिट, फिटनेस, ड्रायव्हरच्या लायसन्सच्या दोन्ही बाजू, त्याला कामावर ठेवल्याचा काही कागद असला तर तो, पगार दिल्याची नोंद, आणि पोलिसांकडून मिळालेल्या सगळ्या प्रती न्या. ड्रायव्हरलाही घेऊन जा, समन्स त्यालाही आलंय. ‘लायसन्स संपल्याचं मालकाला सांगितलं होतं का’ हे वकिलाने त्याला तुमच्यासमोर विचारू द्या. तो ‘होय’ म्हणाला, तर तुम्हा दोघांना वेगळे वकील लागतील, आणि ते पहिल्या तारखेआधी कळलेलं बरं.